पॉलिसी चालू आहे ना?

काकांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. पेटीच्या तळाशी, त्यांच्या लग्नातल्या शालूच्या घडीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला विम्याचा बॉण्ड होता. शेजारी जमिनीचं खरेदीखत, सात-बाराचे जुने उतारे, पोरांचे जन्मदाखले. काकूंनी पिशवी उघडली नाही. तशीच माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझ्या काकांनी दोन लाखाचा इमा काढलाय. पोरीच्या लग्नाला हुईल म्हणायचं. बघ आता कुठं जावं लागतंय ते."

गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. चार एकर रान, त्यात ऊस आणि आलं. काका गेले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये, हृदयविकाराने, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. बॉण्डवर सगळं स्वच्छ होतं. सुरुवात जून २००८, मुदत वीस वर्षं, विमा रक्कम दोन लाख, हप्ता सहामाही, नॉमिनी काकू. बॉण्डच्या मागे टाचणीने टोचलेल्या पावत्या होत्या. मी त्या मोजल्या. बारा भरल्या. शेवटची डिसेंबर २०१३ ची होती. नंतरच्या पावत्या दुसरीकडे कुठे असतील म्हणून कपाट, देव्हाऱ्याचा खण, काकांच्या कोटाचे खिसे, सगळं धुंडाळलं. त्या नव्हत्याच.

आयुर्विमा महामंडळाच्या शाखेतल्या बाईंनी नंबर टाकला आणि पडदा आमच्याकडे वळवला. पॉलिसी 'पेड-अप' झालेली होती. जून २०१४ पासून सलग चार हप्ते भरलेले नव्हते. वीस वर्षांपैकी सहा वर्षांचे हप्ते आलेले, म्हणून दोन लाखांचे सहा-विसांश, साठ हजार रुपये, आणि तोवर जमा झालेला बोनस. बाईंनी हिशेब दोनदा समजावला. काकूंनी तो शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, "म्हंजे इमा हुता का न्हवता?"

विमा होता. चालू नव्हता. या दोन वाक्यांमधलं अंतर काकूंच्या घरात एक लाख चाळीस हजार रुपयांचं आणि एका पोरीच्या लग्नाचं निघालं. तेव्हापासून नातेवाइकांत, मित्रांत, कुणाच्या घरी बसायला गेलो की मी विचारत आलोय, "पॉलिसी चालू आहे ना?" बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "आहे की, कपाटात आहे." मी विचारतो ती चालू आहे का, आणि सांगितलं जातं ती कुठे आहे. या लेखाचं कारण ते उत्तर आहे.

योग आणि क्षेम

मराठी घरात बॉण्ड कुठे ठेवला जातो ते पाहा. खरेदीखताजवळ, दागिन्यांच्या डब्याजवळ. जमीन एकदा नावावर झाली की झाली. सोनं एकदा घेतलं की घरातच राहतं. बॉण्डही त्याच जातीचा कागद असावा, असं आपण धरून चालतो. खरं तर त्याचं नातं भाडेपट्ट्याशी जवळचं आहे. भाडं थांबलं की घर सोडावं लागतं, मग करारनामा कितीही जपून ठेवलेला असो.

या समजुतीमागे मोठा इतिहास आहे, आणि तो विश्वासाचा आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा व्यवसाय सरकार ताब्यात घेत असल्याचं देशाला सांगितलं. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट संस्था, अशा २४५ संस्था त्या एका निर्णयाखाली आल्या. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. अण्णासाहेब चिरमुले यांनी उभी केलेली साताऱ्याची वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनीही त्या प्रवाहात मिळाली. त्याआधी काही खासगी कंपन्यांच्या चालकांनी लोकांच्या हप्त्यांचा पैसा आपल्या धंद्यांत वळवला होता. पॉलिसीमागे सरकारची हमी आल्यावर माणसं निर्धास्त झाली. कंपनी बुडेल ही भीती संपली. पॉलिसी आपल्याच हाताने बुडू शकते, ही शक्यता मात्र कुणी तितक्या ठळकपणे सांगितली नाही.

महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्यालयाचं नाव 'योगक्षेम' आहे. शब्द गीतेतला. परंपरेने त्याचा अर्थ असा लावतात की जे आपल्याकडे नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. विम्याचं सगळं मर्म या जोडशब्दात आहे. पॉलिसी काढतो तो दिवस योगाचा. त्या दिवशी प्रतिनिधी घरी येतो, चहा होतो, सह्या होतात. क्षेमाला असा सोहळा नसतो. तो दर सहा महिन्यांनी, दर वर्षी, एका तारखेला करावा लागतो, आणि त्या तारखेला बहुधा घरी कुणी येत नाही.

विमा व्यवसायात पॉलिसी किती टिकतात याचं एक मोजमाप असतं, त्याला 'पर्सिस्टन्सी' म्हणतात. विकलेल्या पॉलिसींचे हप्ते तेराव्या महिन्यात किती येतात आणि एकसष्टाव्या महिन्यात किती, हे त्यातून कळतं. २०२३-२४ मध्ये महामंडळाचे हे आकडे, हप्त्यांच्या रकमेनुसार, सुमारे ७८ आणि ६१ टक्के होते. म्हणजे देशातल्या सर्वांत विश्वासार्ह विमा संस्थेतही सुरुवातीच्या शंभर रुपयांच्या हप्त्यांमागे पाच वर्षांनंतर एकसष्टच रुपये येत राहतात. काका एकटे नव्हते.

हप्ता चुकला की काय होतं

विमा कायद्याचं ६४ व्हीबी हे कलम सांगतं की हप्ता आधी हातात आल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम उचलायची नाही. किराणा दुकानातली उधारी इथे चालत नाही. पॉलिसी एका हप्त्याच्या तारखेपासून पुढच्या हप्त्याच्या तारखेपर्यंतच तुमची असते.

तारीख उलटली की लगेच सगळं संपतं असंही नाही. मासिक हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवस सवलतीचे मिळतात. या दिवसांत पॉलिसी पूर्ण जिवंत असते. माणूस गेला तर थकलेला हप्ता वजा करून बाकी पूर्ण रक्कम घरच्यांना मिळते. ज्या घरात मृत्यूच्या वेळी हप्ता 'थोडा थकलेला' होता त्या घराने दावा केल्याशिवाय राहू नये, ते यासाठी.

सवलतीचे दिवसही गेले की पॉलिसी 'लॅप्स' होते. पुढे काय उरतं ते पॉलिसीच्या प्रकारावर ठरतं. निव्वळ मुदत विमा, म्हणजे टर्म पॉलिसी, असेल तर काहीच उरत नाही. त्यात बचत नसते, म्हणून शिल्लकही नसते. एक हप्ता चुकला की पंधरा वर्षं नेमाने भरलेले हप्ते परत मिळत नाहीत, आणि संरक्षणही त्या दिवसापासून शून्य होतं. बचत असलेल्या एंडोमेंटसारख्या पॉलिसीत ठरावीक वर्षांचे हप्ते भरले असतील तर ती पेड-अप होते. पूर्वी त्यासाठी तीन वर्षं लागायची, नंतरच्या नियमांत दोन आली. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत पहिल्या वर्षाचे पूर्ण हप्ते भरून ते वर्ष संपलं की विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळू लागतं. पैसे पूर्णच पाण्यात जाण्याची भीती त्यामुळे कमी झाली, ही चांगली गोष्ट. पण पेड-अप म्हणजे आक्रसलेली पॉलिसी. नवा बोनस नाही, अपघात लाभ नाही, आणि विमा रक्कम भरलेल्या वर्षांच्या प्रमाणात.

महामंडळाच्या अनेक जुन्या पॉलिसींमध्ये आणखी एक सवलत आहे, जी फार कमी घरांना माहीत असते. किमान तीन वर्षांचे हप्ते भरलेले असतील आणि पहिला हप्ता चुकल्यापासून सहा महिन्यांत मृत्यू झाला, किंवा पाच वर्षांचे भरलेले असतील आणि बारा महिन्यांत झाला, तर थकबाकी कापून पूर्ण दावा देण्याची पद्धत आहे. काकांचे सहा वर्षांचे हप्ते भरलेले होते. पहिला हप्ता चुकला जून २०१४ मध्ये. जून २०१५ पर्यंत ती सावली त्यांच्या घरावर होती. ते गेले त्यानंतर आठ महिन्यांनी.

हप्ता कुणाच्या हातून गेला

"आम्ही पैसे दिले होते" आणि "हप्ता भरला होता" ही दोन वाक्यं घरात सारखीच वाटतात. न्यायालयात ती सारखी राहत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल यासाठी प्रत्येक घराने माहीत करून घ्यावेत.

पहिला १९९७ चा. एका विमाधारकाने थकलेल्या सहामाही हप्त्याचा बेअरर चेक प्रतिनिधीच्या हातात दिला. प्रतिनिधीने तो वटवला, पण पैसे लगेच कार्यालयात भरले नाहीत. १९८७ च्या ऑगस्ट महिन्यात ९ तारखेला विमाधारक अपघातात गेला. हप्ता भरला गेला १० तारखेला. न्यायालयाने सांगितलं की प्रतिनिधीला महामंडळाच्या वतीने हप्ता स्वीकारण्याचा अधिकारच नव्हता, त्याच्या हातात दिलेले पैसे म्हणजे महामंडळाला दिलेले पैसे होत नाहीत. कुटुंबाचा दावा फेटाळला गेला.

गावोगावी आजही हप्ते प्रतिनिधीच्या हातात रोख दिले जातात. ते गुरुजी असतात, भावकीतले असतात, त्यांच्यावर अविश्वास दाखवणं जिवावर येतं. कित्येक प्रतिनिधी उन्हातान्हात फिरून, प्रसंगी स्वतःच्या खिशातून भरून लोकांच्या पॉलिसी जगवतात, हेही मी पाहिलं आहे. त्यांच्या कमिशनचा मोठा वाटा पहिल्या वर्षी असतो, पुढे तो कमी होत जातो, तरी काही जण पंधरा-वीस वर्षं तारखा सांभाळतात. अशा माणसालाही पावती मागावी. पावती मागणं हा त्याचा अपमान नाही. त्याच्या चांगुलपणाचा तो लेखी पुरावा आहे.

दुसरा निकाल १९९९ चा, दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या कुटुंबाचा. त्याची पॉलिसी 'सॅलरी सेव्हिंग्ज स्कीम'मधली होती. या योजनेत हप्ता पगारातून कापून कार्यालय महामंडळाकडे पाठवतं. कार्यालयाने हप्ते पोचवले नाहीत आणि कर्मचारी गेला. इथे न्यायालयाने विधवेच्या बाजूने कौल दिला. पगारातून हप्ता वसूल करण्याचं काम महामंडळानेच कार्यालयावर सोपवलं होतं, म्हणून त्या कामापुरतं कार्यालय हे महामंडळाचं प्रतिनिधी ठरतं आणि त्याच्या चुकीची शिक्षा कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला देता येत नाही.

महाराष्ट्रात शिक्षक, पोलीस, एस.टी. कर्मचारी, नगरपालिकांचे कामगार अशा कितीतरी जणांची पॉलिसी या मार्गाने चालते. बदली झाली की जुन्या कार्यालयातली कपात थांबते आणि नव्या कार्यालयात ती सुरू व्हायला महिने जातात. या राहिलेल्या हप्त्यांना कार्यालयांत 'गॅप' म्हणतात. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एस.टी.चा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. पगार नाही तेव्हा पगारातली कपातही नाही. अशा वेळी हप्ता स्वतः शाखेत जाऊन भरता येतो, हे कुणीतरी सांगावं लागतं. न्यायालयाने दिलासा दिला तरी तो खटल्याच्या शेवटी मिळतो. पगाराच्या चिठ्ठीतली कपात आणि पॉलिसीच्या खात्यातली जमा वर्षातून एकदा ताडून पाहणं त्याहून किती सोपं.

तिसरा निकाल ऑक्टोबर २०२१ चा. एप्रिल २०११ मध्ये काढलेली पॉलिसी, विमा रक्कम ३,७५,००० आणि अपघाती मृत्यू आल्यास तेवढीच रक्कम आणखी. हप्ता सहामाही, ऑक्टोबर २०११ चा चुकला. ६ मार्च २०१२ रोजी विमाधारकाला अपघात झाला. ९ मार्चला, अपघाताची गोष्ट न सांगता, थकलेला हप्ता भरला गेला. २१ मार्चला तो गेला. महामंडळाने मूळ रक्कम दिली, अपघाताची जादा रक्कम नाकारली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू नव्हती, आणि विम्याचा करार दोन्ही बाजूंच्या पूर्ण प्रामाणिकपणावर उभा असतो, असं न्यायालयाचं म्हणणं.

त्या तीन दिवसांत त्या घरात काय चाललं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. जखमी माणूस दवाखान्यात, आणि कुणालातरी आठवतं की हप्ता राहिलाय. त्या माणसाला मला दोष देता येत नाही. पण कायद्याला घड्याळ पाहावं लागतं.

रानातला मोसम, हप्त्याची तारीख

काका निष्काळजी नव्हते. सोसायटीचं कर्ज त्यांनी कधी थकवलं नाही. मग हप्ते का चुकले? बॉण्डवरची तारीख पाहिल्यावर मला उत्तर सापडलं. जून आणि डिसेंबर.

आल्याची लागण मे महिन्यात होते. बेणं महाग असतं. शेणखत, गादीवाफे, ठिबक, मजुरी, सगळा पैसा मेअखेर मातीत गेलेला असतो. जूनमध्ये शाळा उघडतात. वह्या, दप्तरं, फी. त्याच महिन्यात विम्याचा हप्ता. एका वर्षी आल्याचा भाव पडला आणि जूनचा हप्ता पुढच्या हप्त्याबरोबर भरू म्हणून राहिला. डिसेंबरात एकदम दोन हप्ते आणि व्याज समोर उभं राहिलं. ते जमलं नाही, मग तीन झाले, मग चार. एकदा थकलेला हप्ता वाढत जातो आणि माणूस त्याच्याकडे पाहायचं टाळू लागतो.

ती तारीख आली कुठून? काकांनी पॉलिसी जूनमध्ये काढली म्हणून. प्रतिनिधी जूनमध्ये आला म्हणून. घरात पैसा कधी असतो हे त्या टेबलावर कुणी विचारलं नाही. ऊसवाल्याच्या घरी पैसा गाळप हंगामात येतो, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर. सोयाबीनवाल्याकडे दिवाळीच्या आसपास. रत्नागिरी-देवगडच्या आंबावाल्याकडे एप्रिल-मेमध्ये. मालवणपासून गोव्यापर्यंतच्या मच्छीमाराच्या घरी १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि त्या दोन महिन्यांत आधीची शिल्लक पुरवावी लागते. कारखान्यातल्या कामगाराकडे दिवाळीला बोनस येतो. हप्त्याची तारीख आणि घरात पैसा येण्याची तारीख जुळली तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

हे करता येतं. नवी पॉलिसी घेताना ती आपल्या मोसमात घ्यावी, एवढं सोपं. त्याच आर्थिक वर्षातली मागची तारीख धरून पॉलिसी सुरू करण्याची सोयही अनेक योजनांत असते. पॉलिसी चालू असेल तर वर्ष पूर्ण होताना सहामाहीचा हप्ता वार्षिक किंवा मासिक करून घेता येतो. वार्षिक हप्त्याला महामंडळाच्या बहुतेक बचत योजनांत दोन टक्के आणि सहामाहीला एक टक्का सूटही असते. ज्याच्या घरी वर्षातून एकदाच मोठी रक्कम येते त्याने वर्षाचा हप्ता एकदम भरून मोकळं व्हावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून, घटस्थापनेच्या दिवसापासून, वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. टर्म पॉलिसीवर तो १८ टक्के होता. वाचलेले ते पैसे हप्त्यासाठीच बाजूला राहिले तर त्यांचं सोनं होईल.

चारशे छत्तीस रुपये

हीच गोष्ट लहान विम्यात आणखी ठळक दिसते. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाली. १८ ते ५० वयात बँक खात्यातून सामील व्हायचं, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख. हप्ता वर्षाला ३३० रुपये होता, १ जून २०२२ पासून ४३६ झाला. वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून आपोआप कापला जातो.

मेचा शेवटचा आठवडा म्हणजे बियाणं-खतांची खरेदी. कोरडवाहू शेतकऱ्याचं खातं वर्षात सर्वांत रिकामं असतं ते तेव्हा. चारशे छत्तीस रुपये शिल्लक नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा संपतो. बँकेतून फोन येईलच असं नाही. पुन्हा सामील होता येतं, पण मग पहिले तीस दिवस अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर रक्कम मिळत नाही. उलट काही जणांचे दोन बँकांतून दोनदा पैसे कापले जातात आणि त्यांना वाटतं, चार लाखांचा विमा झाला. मिळतात दोनच लाख.

म्हणून प्रत्येक घरात जूनच्या पहिल्या आठवड्यात एक काम व्हावं. पासबुक भरून आणायचं आणि ४३६ ची नोंद शोधायची. नसेल तर त्याच दिवशी बँकेत जायचं. आणि ज्या घरात माणूस गेलाय, तिथे त्याच्या पासबुकाची मे-जूनची पानं आधी उघडायची. ती एक ओळ सापडली तर दोन लाखांचा दावा करता येतो, आणि ती ओळ कुणी वाचलीच नाही तर तो हक्क पासबुकातच मिटून राहतो.

बंद पॉलिसी उठवताना

लॅप्स झालेली पॉलिसी पुन्हा चालू करता येते. साधारणपणे पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांपर्यंत, बाजाराशी जोडलेल्या युलिप पॉलिसींत तीन वर्षांपर्यंत. थकलेले हप्ते आणि त्यावरचं व्याज भरायचं, आणि तब्येत चांगली असल्याचं लिहून द्यायचं. महामंडळात त्यासाठी ६८० नंबरचा फॉर्म असतो. वय आणि रक्कम जास्त असेल तर वैद्यकीय तपासणीही लागते. महामंडळ वेळोवेळी पुनरुज्जीवनाच्या मोहिमा काढतं, तेव्हा विलंब शुल्कात सूट मिळते. तपासणीत सूट मिळत नाही.

इथे एक गोष्ट मी जोर देऊन सांगेन. त्या फॉर्मवर खरं लिहा. मधल्या काळात साखर निघाली असेल, रक्तदाबाची गोळी सुरू झाली असेल, अँजिओग्राफी झाली असेल, तर ती लिहा. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार तीन वर्षं उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. ही तीन वर्षं पॉलिसी पुन्हा चालू केल्यास त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. आत्महत्येबाबतची बारा महिन्यांची अटही पुन्हा लागू होते. दहा वर्षं जुनी पॉलिसी त्या दिवशी कायद्याच्या नजरेत काही बाबतींत नवी झालेली असते. फॉर्म कुणी घाईने भरत असेल आणि सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहीत असेल, तर त्याचा हात धरावा. ते 'नाही' एक दिवस तुमच्या बायकोसमोर ठेवलं जाईल.

प्रत्येक बंद पॉलिसी उठवलीच पाहिजे असंही मी म्हणणार नाही. हप्ता खरोखर झेपत नसेल तर पेड-अप राहू द्यावी, आणि वाचलेल्या पैशात झेपेल तेवढी टर्म पॉलिसी घ्यावी. पण क्रम महत्त्वाचा आहे. नवी पॉलिसी हातात येऊन तिची जोखीम सुरू होईपर्यंत जुनी सोडू नये. पॉलिसीवर कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज नेमाने भरावं. हप्ते थांबले आणि कर्ज व्याजासह सरेंडर मूल्याच्या पुढे गेलं की पॉलिसी तिथेच बंद केली जाते. कंपनीशी वाद झाला आणि महिनाभरात उत्तर आलं नाही, तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपालांची कार्यालयं आहेत. तिथे वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात.

आता पुष्कळ जण हप्ता बँकेवर सोपवतात. ही सोय मोठी आहे, तरी यंत्राला एकच आज्ञा कळते. पगाराचं खातं बदललं, बँका एकमेकींत विलीन झाल्या, कार्डाची मुदत संपली, शिल्लक दोनशेने कमी पडली, की ती आज्ञा अडते. सूचना येते ती दहा वर्षांपूर्वी दिलेल्या मोबाइल नंबरवर, जो आता दुसऱ्याच कुणाच्या खिशात असतो. खातं बदलाल त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवा, आणि हप्ता कापल्यानंतर पावती उतरवून घ्या.

काकूंची वही

काकूंच्या पोरीचं लग्न झालं. साठ हजार आणि बोनस त्यात गेला, उरलेल्यासाठी वीस गुंठे रान गहाण पडलं. ते सोडवायला चार वर्षं लागली. जावई टेम्पो चालवतो. लग्न ठरवताना काकूंनी त्याच्या घरच्यांना शेती, घर, शिक्षण सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "पोराचा इमा चालू हाय का?" बैठकीतले सगळे गप्प झाले होते.

काकू सातवी शिकलेल्या. त्यांच्याकडे आता शंभर पानी वही आहे. प्रत्येक पॉलिसीला एक पान. नंबर, तारीख, रक्कम, कुठल्या खात्यातून जाते, नॉमिनी कोण. पावती चिकटवल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही, हा त्यांचा नियम. कालनिर्णयवर त्या महिन्याच्या चौकोनात कुंकवाचं बोट लावतात. दिवाळीनंतर नवं कालनिर्णय घरात आलं की सण-वार पाहण्याआधी जुन्यावरची बोटं नव्यावर उतरवतात.

भाऊबीजेला मी चुलतबहिणीकडे गेलो होतो, काकूही तिथे आल्या होत्या. ओवाळून झाल्यावर बहिणीने आतून वही आणली. आईसारखीच, शंभर पानी. नवऱ्याच्या टर्म पॉलिसीचं पान तिने माझ्यापुढे धरलं. हप्ता ऑक्टोबरात, टेम्पोला दिवाळीचं भाडं असतं तेव्हा. पावती चिकटवलेली होती. पानाखाली नवऱ्याची आणि तिची, दोघांची सही.

मी वही परत दिली तेव्हा काकूंनी विचारलं, "आन् तुझी रं? चालू हाय न्हवं?"

"आहे की काकू."

"सूनबाईला म्हाईत हाय का, कुठल्या तारखेला असतीया?"

मी लगेच काही बोलू शकलो नाही. गेली दहा वर्षं मी लोकांना विचारत होतो तो प्रश्न अर्धाच होता. काका गेले तेव्हा त्यांची पॉलिसी बंद आहे हे घरात फक्त काकांना ठाऊक होतं. ते ओझं त्यांनी वीस महिने एकट्याने वाहिलं. काकूंना तारीख माहीत असती, तर जून २०१४ मध्ये त्यांनी पाटल्या गहाण ठेवून हप्ता भरला असता. हे त्यांनी मला नंतर सांगितलं होतं.

त्या रात्री घरी आल्यावर मी फाइल काढली आणि बायकोला शेजारी बसवलं. नंबर, तारीख, खातं, सगळं तिला सांगितलं. तिने उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, मार्चचं पान उघडलं, आणि अठरा तारखेच्या चौकोनात कुंकवाचं बोट लावलं.